ऑन्नीचं युबिक्वॉतॉस

"कॉफी शॉप्स आर युबिक्विटस इन सोल."

ऑन्नीनं वाक्यावरून बोट फिरवत ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, गरम पाण्यात हलवत असलेले पाय थांबवले आणि कोरियनमध्ये मला विचारलं, "म्हणजे सोलमध्ये कॉफीच्या प्रत्येक दुकानात भिंतीवर तो डबा असतो?"

"कसला डबा?"

"अगं, युबिक्वॉतॉस! आमच्या घरी नाही का, स्वयंपाकघराशेजारच्या भिंतीवर? बॉयलर त्याच्यावरूनच तर लावते मी."

आम्ही बसलो होतो देजॉन शहराच्या युसॉंग भागात. तिथं जमिनीखालून उन्हाळ्याचं, म्हणजे आपल्या वज्रेश्वरीला असतं तसं गरम पाणी येतं आणि रस्त्याकडेला दगडी कठडे बांधून ते लोकांना पाय बुडवून बसायला सोडलंय. फुकट. आधी नळाखाली पाय धुवायचे, मग पँट गुडघ्यापर्यंत वर सारायची आणि बसायचं. शेजारी पेन्शनर आजोबा-आज्या, मधूनच कॉलेजची पोरं. लग्नानंतर नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीपायी मी या गावात चार वर्षं काढली. त्यातली माझी बरीचशी कोरियन आणि ऑन्नीची बरीचशी इंग्रजी याच पाण्यात भिजून मऊ झाली.

ऑन्नी म्हणजे ताई. बाईनं आपल्याहून मोठ्या बाईला म्हणायचं. तिचं नाव मला माहीत होतं, पण ते घ्यायची वेळ कधी आली नाही, आणि तिनंही मला कायम 'सेदेक' म्हटलं. सेदेक म्हणजे नवी नवरी. लग्नाला चार वर्षं झाली तरी मी सेदेकच. आमच्या इमारतीच्या खाली तिचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. पँट आखूड कर, चेन बदल, कोटाचं अस्तर लाव. मी पहिल्यांदा गेले ती साडीच्या ब्लाउजच्या बाह्या उसवून घ्यायला. तिनं ते ब्लाउज उलटंपालटं करून एवढ्या कौतुकानं पाहिलं, की बाह्या राहिल्या बाजूला आणि आम्ही हुकांवर अर्धा तास बोललो. दोघींना मिळून तेव्हा एकमेकींच्या भाषेतले पन्नासएक शब्द येत असतील.

तिचा मुलगा त्या वर्षी 'गोसाम' होता, म्हणजे बारावीला. कोरियात घरात गोसाम असणं म्हणजे काय, हे आपल्याकडं दहावी-बारावीचं पोर असलेल्या घरालाच कळेल, पण तिकडं ते आणखी चार अंगुळं वर आहे. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी 'सुनुंग' नावाची प्रवेशपरीक्षा होते. त्या दिवशी ऑफिसं तासभर उशिरा उघडतात, उशीर झालेल्या पोराला पोलीस मोटरसायकलवरून केंद्रावर सोडतात, आणि इंग्रजीच्या पेपरातला ऐकण्याचा भाग चालू असतो तेव्हा देशभर ३५ मिनिटं विमानं ना उडतात, ना उतरतात. जी हवेत असतील ती तीन किलोमीटरच्या वर घिरट्या घालत बसतात. एका परक्या भाषेतले सतरा प्रश्न नीट ऐकू यावेत म्हणून अख्खा देश श्वास रोखतो. पोरांना मित्रमंडळी चिकट मिठाई देतात, कारण 'चिकटणं' आणि 'पास होणं' याला त्यांच्याकडं एकच क्रियापद आहे. समुद्री शेवाळाचं सूप मात्र त्या आठवड्यात घरात शिजत नाही. ते बुळबुळीत. घसरायला होतं.

मुलाचं 'दानॉजांग' होतं, म्हणजे शब्दांची वही. अशी पुस्तकं छापून विकतही मिळतात, पाना-पानावर तीस-तीस शब्द. एक दिवस त्यानं ते पुस्तक वैतागून कचऱ्यात टाकलं. ऑन्नीनं ते काढलं, पुसलं आणि दुकानात शिलाई मशीनशेजारी ठेवलं. "पैसे पडलेत," म्हणाली. मग रोज एक शब्द. ती शाळेत होती तेव्हा सुनुंग नव्हती, त्याच्या आधीची परीक्षा होती, पण शब्द पाठ करायची रीत तीच. 'क्कामजी'. कोऱ्या कागदावर तोच शब्द इतक्या वेळा लिहायचा की कागद काळा झाला पाहिजे. क्कामजी म्हणजे काळा कागदच. "लिहिताना हाताला कळायचं," ऑन्नी म्हणायची, "डोक्याला नाही." मला कराडच्या शाळेतलं 'शंभर वेळा लिहून आण' आठवलं. आमच्या वेळेला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि आम्हीही शब्द हातानंच शिकलो.

तर त्या पुस्तकाच्या शेवटी-शेवटी, अवघड शब्दांच्या पानावर, हा युबिक्विटस भेटला. ऑन्नीला भारी आनंद झाला. सगळ्या पानावर तिला ओळखीचा असलेला हा एकच.

पण ओळख झाली होती ती भलत्याच नावानं.

शब्दाचं मूळ लॅटिन, 'सगळीकडे' या अर्थाचं. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या मार्क वायझर यांनी १९८८च्या सुमारास 'युबिक्विटस कम्प्युटिंग' असं म्हटलं. संगणक एका टेबलावर न राहता भिंतीत, दारात, खिशात सगळीकडे मुरून जाईल आणि मग तो आहे हेच आपल्याला जाणवणार नाही, अशी ती कल्पना. कोरियानं ती डोक्यावर घेतली. दोन हजारच्या दशकात सरकारी योजनांच्या नावाआधी इंग्रजी 'यु' लागायला लागला: यु-कोरिया, यु-सिटी, यु-हेल्थ, यु-लर्निंग. २००८ साली तर युबिक्वॉतॉस शहरं कशी बांधायची याचा कायदाच झाला. इंचॉनजवळ समुद्रात भर घालून उभं केलेलं सोंगदो हे त्या स्वप्नाचं पोस्टर. बिल्डरांनीही संधी सोडली नाही. 'युबिक्वॉतॉस अपार्टमेंट' अशा जाहिराती झळकल्या. ऑन्नीनं आणि तिच्या नवऱ्यानं कर्ज काढून घर घेतलं ते त्याच काळात, आणि विक्रीच्या ऑफिसातल्या मुलीनं भिंतीवरच्या पडद्याकडं हात करून सांगितलं, "हे युबिक्वॉतॉस." त्यावरून खाली कोण आलंय ते दिसतं, लिफ्ट बोलावता येते, जमिनीखालची ऊब कमी-जास्त करता येते. तेव्हापासून ऑन्नीच्या डोक्यात त्या शब्दाला चार कोपरे आहेत आणि एक हिरवा दिवा.

मजा म्हणजे २०१७मध्ये त्या कायद्याचं नाव बदललं. युबिक्वॉतॉस गेलं, 'स्मार्ट' आलं. आपल्याकडंही तोवर स्मार्ट सिटीचे फलक लागून दोन वर्षं झाली होती, पुणेकरांना सांगायला नको. 'सगळीकडे असणारा' असा अर्थ असलेला शब्द सगळीकडून नाहीसा झाला, ऑन्नीच्या घरातला सोडून.

उच्चाराचं सांगते. कोरियन लिपीत हा शब्द पाच अक्षरांचा होतो: यु, बि, क्वॉ, तॉ, स. पाचही सारख्या वजनाची, जशी कंडक्टर नाणी मोजून हातावर ठेवतो तशी. शेवटच्या 'स'ला स्वर लागतोच, कारण कोरियनमध्ये 'स' शब्दाच्या शेवटी स्वराशिवाय उभा राहू शकत नाही. त्यासाठी एक खास स्वर आहे, ओठ न हलवता काढलेला 'उ', आणि तो इंग्रजी शब्दांच्या फटींमध्ये लांबी भरल्यासारखा भरतात. 'स्ट्राइक' इंग्रजीत एका दमात जातो, कोरियनमध्ये त्याची पाच अक्षरं होतात. फ नाही, त्यामुळे कॉफीची 'कॉपी' होते. झ नाही, तिथं ज. गंमत अशी की राजा सेजोंगनं १४४६ साली ही लिपी लोकांना दिली तेव्हा तिच्यात अठ्ठावीस अक्षरं होती आणि त्यातलं एक चिमुकलं त्रिकोणी अक्षर झ-सारख्या आवाजाचं होतं. पुढं तो आवाजच बोलण्यातून गेला, मग अक्षरही गेलं. आता चोवीस उरलीत. ऑन्नी म्हणाली, "ठेवायला हवं होतं. जुनं बटण फेकायचं नसतं."

मी तिला शिकवायला गेले की आघात दुसऱ्या अक्षरावर: यु-बि-क्विटस, 'बि' जरा उंच, पुढचं सगळं पटपट गिळून टाकायचं. ती म्हणायची, "गिळायचं कशाला? पैसे पडलेत." आणि मी तरी कोण मोठी लागून गेले होते? मराठीतही आपण शब्दांतल्या अक्षरांना असं उंच-सखल करत नाही. शिवाय हा शब्द मला ऐकून नव्हे, वाचून आलेला. पुण्यात एका मुलाखतीत मी तो चांगला ठसक्यात 'उबिक्विटस' असा टाकला होता. समोरचे गृहस्थ सभ्य होते. दोन मिनिटांनी त्यांनी तोच शब्द आपल्या वाक्यात बरोबर उच्चारून वापरला, माझ्याकडं न बघता. नोकरी मिळाली, पण कान आजही गरम होतात. हे मी ऑन्नीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या आजोबांच्या पँटीवर पाणी उडालं. त्यानंतर ती माझ्याकडून जास्त विश्वासानं शिकायला लागली.

आता डबा काढून अर्थ कसा बसवायचा? ऑन्नीनं सरळ फोनमधला शब्दकोश उघडला. तिथं होतं: 'प्यॉन्जे'. तिनं मान डोलावली. "अस्सं होय! म्हणजे एकीकडंच गोळा झालेलं. बातम्यांत असतं ना, संपत्तीचं प्यॉन्जे. सगळा पैसा थोड्यांच्या हातात."

मी म्हटलं, "नाही, उलट. सगळीकडं असलेलं."

"मग शब्दकोश चुकला."

शब्दकोश चुकला नव्हता. या एका शब्दावर माझे पुढचे दोन दिवस गेले आणि मी ते आनंदानं दिले. कोरियनमध्ये आपल्या तत्सम शब्दांसारखे हजारो शब्द चिनी अक्षरांतून आलेत. पूर्वी ते त्या अक्षरांत लिहीत, आता सगळं कोरियन लिपीत लिहितात, आणि त्यामुळे दोन निराळे शब्द कागदावर अगदी जुळे दिसायला लागतात. प्यॉन्जे दोन आहेत. एका 'प्यॉन'च्या चिनी अक्षराला चालण्याची खूण जोडलेली असते, त्याचा अर्थ सगळीकडं फिरून पोचलेला. दुसऱ्याला माणसाची खूण, त्याचा अर्थ एका बाजूला कललेला. बाकीचं अक्षर दोन्हीकडं सारखंच. म्हणजे 'सर्वत्र असणं' आणि 'एकाच जागी साठणं' हे दोन उलटे अर्थ एकाच आवाजात, एकाच स्पेलिंगमध्ये नांदतायत, आणि फरक सांगणारी अक्षरं ऑन्नीच्या पिढीनं शाळेत थोडीफार गिरवली, तिच्या मुलानं जवळपास नाहीच. मला आपली उगाच कोटी सुचली, की चालत राहिलं की सगळ्यांना मिळतं आणि मधे माणूस आला की वाटणी बिघडते. ऑन्नीला ती ऐकवली तर म्हणाली, "असलं काहीतरी आमचे चिनी अक्षरांचे मास्तरपण बोलायचे. सगळे झोपायचे."

पण झोपली नाही ती. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर तिनं पँटच्या कापडावर मार्किंग करायच्या खडूनं टेबलाच्या काळ्या फळीवर यादी केली होती. लहान मुलाचं नखरे करत निवडून-निवडून जेवणं, ते 'प्यॉन्शिक', त्यातला प्यॉन कललेला. पूर्वग्रहाला 'प्यॉन्ग्यॉन', तोही कललेला. सार्वत्रिक म्हणजे 'पोप्यॉन', तो फिरणारा. मग तिच्या लक्षात आलं, की पत्राला 'प्यॉन्जी' म्हणतात, नवऱ्याला 'नाम्प्यॉन' आणि चोवीस तास उघड्या असलेल्या कोपऱ्यावरच्या दुकानाला 'प्यॉनइजॉम', आणि यांचा प्यॉन या दोन्हींपेक्षा तिसराच. "बघ," खडू झटकत ती म्हणाली, "सगळीकडं प्यॉनच प्यॉन. हाच खरा युबिक्वॉतॉस."

मी टाळ्या पिटल्या. ते वाक्य बरोबर होतं. तिनं मात्र ते चुकून केलं होतं, त्यामुळे तिला कळेना मी का नाचतेय.

माझ्या अंगानंही एक अडचण होतीच. मी हा शब्द शिकले तो खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशातून, आणि तिथं अर्थ दिला होता 'सर्वव्यापी'. चूक नाही. पण सर्वव्यापी म्हटलं की हात आपसूक जोडले जातात. प्रल्हादाला बाप विचारतो, कुठाय तुझा देव, या खांबात आहे का, आणि पोरगं म्हणतं, जळी, स्थळी, काष्ठी, पाषाणी. तो शब्द तिथला आहे. सर्वव्यापी प्लॅस्टिकची खुर्ची म्हणून बघा, हसू येईल. इंग्रज मात्र हा शब्द खुशाल खुर्चीला लावतो, आणि लावताना त्यात किंचित कंटाळा असतो, 'जिथं जावं तिथं मेली ही खुर्ची' असा. तो कंटाळा कोशात कुठं लिहिलेला नसतो. मला तो दहा वर्षं इंग्रजी वाचून कळला, आणि ऑन्नीला मी तो दहा मिनिटांत द्यायला निघाले होते.

तिच्याकडंही देवाचा शब्द वेगळा निघाला. 'मुसोबुजे'. नाही अशी जागाच नाही, अशी त्याची फोड. ती चर्चला जाणारी, तिथल्या प्रार्थनेत ऐकलेला. देजॉनच्या टेकडीवरून रात्री पाहिलं तर गावभर लाल निऑनचे क्रूस पेटलेले दिसतात, एकेका चौकात दोन-दोन. मी म्हटलं, "देव मुसोबुजे. आणि ते लाल दिवे युबिक्विटस." ती गप्प झाली. मला वाटलं, दुखावली. मग हळूच म्हणाली, "आमच्या गल्लीत चार आहेत. पार्किंगला जागा मिळत नाही रविवारी." तिथं, त्या पार्किंगपाशी, शब्दाची चव तिच्या जिभेला पहिल्यांदा लागली असावी.

लोकांतला जिकडंतिकडं असणारा माणूसही त्यांच्याकडं आहे. होंग गिल्दोंग. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा गोष्टीतला वीर, पूर्वेला चमकला म्हणता म्हणता पश्चिमेला चमकायचा. एखादा माणूस सारखा इकडं-तिकडं दिसायला लागला की अजूनही लोक 'पूर्वेला लख्ख, पश्चिमेला लख्ख' असंच म्हणतात. बँकेत, सरकारी कचेरीत, फॉर्म कसा भरायचा याचा नमुना लावलेला असतो, त्यावर नावाच्या रकान्यात हमखास होंग गिल्दोंग. बिचाऱ्यानं आयुष्यभर सरकारला चकवलं आणि आता प्रत्येक सरकारी टेबलावर त्याचीच सही.

यानंतर वाक्यं करायचा सपाटा. मी म्हटलं होतं, दिवसाला तीन. ती सुया लावायच्या उशीला चिठ्ठ्या टोचून ठेवायची आणि मी गेले की एकेक काढायची.

"किमची इज व्हेरी युबिक्विटस इन माय रेफ्रिजरेटर." आधी 'व्हेरी' काढला. मग हा प्रश्न की फ्रिजमध्ये सगळीकडं किमची असली तर तिला युबिक्विटस का म्हणायचं नाही? म्हणायला हरकत नाही, पण शब्दाला ऐसपैस जागा लागते. गाव, देश, बाजार, एखादा काळ. फ्रिज पुरत नाही. "तू माझा फ्रिज पाहिला नाहीस," ऑन्नी म्हणाली.

"ही इज ॲन युबिक्विटस मॅन." इथं ॲन नको, कारण लिहायला स्वर असला तरी तोंडातून 'यु' निघतो, आणि तो य आहे. हे सांगताना माझा मलाच अभिमान वाटला, कारण ना मराठीत ती भानगड आहे, ना कोरियनमध्ये. दोन बायका आपल्या दोन्ही भाषांत नसलेल्या एका टिचभर शब्दावर पाऊण तास बोलल्या.

"माय हसबंड इज युबिक्विटस ऑन संडे." हे मी खोडलं. एक माणूस युबिक्विटस कसा होईल? तिनं शांतपणे समजावलं, की रविवारी तो सोफ्यावर असतो, तिथून उठवला की स्वयंपाकघराच्या दारात असतो, तिथून हाकलला की बाल्कनीत तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये असतो. मी खोडलेलं परत लिहिलं. वर 'एक्सलंट' लिहिलं.

पुस्तकाचं पान उलटून ती पुढच्या शब्दाला कधीच गेली नाही, हे सांगायला हवं. रोज एक शब्द असा नेम होता, तो या शब्दापाशी महिनाभर अडला. मुलाची सुनुंग जवळ येत होती, तो दिवसाला साठ शब्द उपसत होता आणि आईला म्हणायचा, "अजून त्याच शब्दावर?" त्याला तो शब्द यायचा. पाच पर्यायांतून बरोबर गोल काळा करता यायचा. मी एकदा त्याला वाक्य कर म्हटलं, तर म्हणाला, "वाक्य विचारत नाहीत." खरंच विचारत नाहीत. पंचेचाळीस प्रश्न, सत्तर मिनिटं, त्याला वेळ कुठाय? मी त्याला नावं ठेवत नाही. मीही बारावीला तसलीच होते.

परीक्षा झाली, तेव्हा ऑन्नी मला तिच्या माहेरी घेऊन गेली. देजॉनच्या दक्षिणेला कुमसान म्हणून तालुक्याचं गाव आहे, 'इन्साम'साठी, म्हणजे जिनसेंगसाठी सगळ्या कोरियात प्रसिद्ध. त्याच्याही पुढं डोंगरात तिची वाडी. बसमधून दोन्हीकडं इन्सामची शेतं दिसत होती. त्या झाडाला ऊन चालत नाही, म्हणून ओळीनं काळ्या जाळीची तिरपी छपरं घातलेली असतात, उतारावर, ओढ्याकाठी, एखाद्या घराच्या परसात सुद्धा. ऑन्नी खिडकीला नाक लावून म्हणाली, "गोत्कोसे इन्साम."

मी विचारलं, "काय म्हणालीस? गोत्कोसे?"

"अगं, गोत म्हणजे ठिकाण. गोत-गोत, आणि पुढं 'ए'. म्हणजे 'ठिकाणात'. गोत्कोसे."

मी बसमध्ये मोठ्यानं हसले. ठिकठिकाणी! तीच शिवण. 'ठिकाण' दोनदा घ्यायचं आणि शेवटी 'ए' किंवा 'ई'चा टाका मारायचा. घरोघरी, गावोगावी, पदोपदी, ठायी ठायी. एवढा महिनाभर आम्ही लॅटिन, चिनी, संस्कृत धुंडाळत बसलो, आणि दोघींच्याही स्वयंपाकघरात तो शब्द फडताळात पडून होता. तिला मी 'ठिकठिकाणी' म्हणायला लावलं. 'ठ' तिला पहिल्या झटक्यात जमला. त्यांच्याकडं श्वास सोडून बोलायचं व्यंजन आहे, ते आपल्या 'ठ'ला जवळचं पडतं. 'ण'वर मात्र अडली. मी म्हटलं, राहू दे, पुण्या-मुंबईचीही बरीच अडतात.

वाडीत पोचलो तर शाळा बंद. चांगली दोनमजली इमारत, पटांगणात गवत, कुंपणाला कुलूप. मुलंच उरली नाहीत. देशाची निम्म्याहून जास्त माणसं आता सोल आणि त्याच्या आजूबाजूला राहतात, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं म्हणजे पेपरातला आकडा म्हणून. देशभर पन्नास हजारांहून जास्त प्यॉनइजॉम आहेत म्हणतात, देजॉनमध्ये माझ्या घरापासून दगड टाकला तर एका तरी काचेवर लागेल. इथं एकही नव्हतं. किराणा मालाचं जे एक दुकान होतं त्याचं शटर गंजलेलं. ऑन्नी काही बोलली नाही. फक्त चालता चालता म्हणाली, "दुसरा प्यॉन्जे." मला आधी कळलंच नाही, मग कळलं.

आणि सगळीकडं 'काम'ची झाडं. आपल्याकडं ज्याला जपानी फळ म्हणतात, काही ठिकाणी तेंदूच्या जातीचं म्हणून सांगतात, ते नारिंगी गरगरीत फळ. नोव्हेंबरात पानं गळून गेलेली असतात आणि फळं तशीच लटकत राहतात, नुसत्या काळ्या फांद्यांवर. दरवर्षी तोडताना शेंड्यावरची दोन-चार पाखरांसाठी मुद्दाम ठेवायची रीत आहे. 'क्काछिबाप' म्हणतात, म्हणजे मॅगपाय पाखराचा भात. ऑन्नीच्या आईच्या अंगणातल्या झाडावर मात्र शेकडो होती. शेजारच्याही. ओढ्यापलीकडच्या पडक्या घराच्याही. वर चढून तोडणारं कुणी नाही. आईचं वय पंच्याऐंशी. पाखरं तरी किती खातील?

आई ओट्यावर बसून मुळे चिरत होती. आम्ही शेजारी टेकलो. ऑन्नी बराच वेळ त्या फांद्यांकडं बघत बसली, मग एकाएकी, खडूनं कापडावर रेघ ओढावी तशी न थांबता म्हणाली, "पर्सिमन्स आर युबिक्विटस हिअर."

'बि' उंच होता. पुढचं सगळं गिळलेलं होतं. मी तिचा हात दाबला.

"पीपल," ती म्हणाली आणि थांबली. मग हातानंच 'नाही' केलं.

आईनं सुरी थांबवली. लेक परक्या भाषेत बोलली याचं तिला कौतुक वाटलं असावं, पण त्यातला एक शब्द तिच्या कानाला ओळखीचा लागला होता. लेकीच्या घरी गेली की रात्री त्याच डब्यातून बाईचा आवाज यायचा म्हणून ती दचकून उठायची.

"युबिक्वॉतॉस?" तिनं विचारलं, आणि मुळे बाजूला सारून, ओट्यामागच्या मातीच्या भिंतीकडं वळून बघितलं. "इथंपण लावला?"